‘हाच तो!’

आमच्या वेळणेश्वरात माणूस ओळखायला त्याचे तोंड दिसावे लागत नाही. संध्याकाळी पुळणीवरून कुणी चालत येत असला तर आगरात उभी राहून, नुसती चाल पाहून, माझी आई सांगते की हा अमक्याचा धाकटा. माझे बाबा पाडेली आहेत. लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणे हा त्यांचा धंदा. दूरच्या आगरात कोण चढला आहे हे ते कोयत्याच्या आवाजावरून सांगतात. अशा गावात वाढलेल्या माणसाला वाटते, ओळखणे ही काही शिकण्याची गोष्ट नव्हे. डोळे असले की झाले!

माझाही असाच समज होता. तो कसा फिटला ते आधी सांगते, म्हणजे हा विषय मी का निवडला ते कळेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. कायद्याचे पुस्तक हाती धरण्याची घरात कुणाला सवय नाही. मी जे काही वाचले ते या एका प्रसंगापायी वाचले.

मी तेव्हा दहावीत होते. पंचक्रोशीतल्या एका गावच्या जत्रेत आईने नारळ, अगरबत्ती आणि खडीसाखरेचे दुकान मांडले होते. (त्या गावाचे नाव लिहीत नाही, आणि पुढे पोलीस ठाण्याचा उल्लेख येईल त्याचेही नाही.) दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि पुढे एक बाकडे. रात्री पालखी निघाली तशी गर्दी तिकडे लोटली. आई ओटी भरायला गेली आणि दुकानावर मी एकटी राहिले. तेवढ्यात जनरेटर बंद पडला. पाच-सात मिनिटे अंधार होता. बाकड्याखाली काहीतरी सरकल्यासारखा आवाज झाला म्हणून मी वळले, तर पलीकडच्या भजीवाल्याच्या चुलीच्या उजेडात चौकड्यांचा शर्ट घातलेली एक पाठ निघून जाताना दिसली. दिवे आले तेव्हा पैशांचा डबा जागेवर नव्हता. त्यात अठराशे चाळीस रुपये होते.

आरडाओरडा झाला, माणसे जमली. ‘पालवाल्यांचं काम आहे,’ असे कुणीतरी म्हणाले. कोण म्हणाले ते आठवत नाही. पण त्या एका वाक्यानंतर दुसरा विचार कुणी केला नाही. देवळापासून थोड्या अंतरावर फुगे आणि पिपाण्या विकणाऱ्यांची तीन पाले होती. बंदोबस्ताचे दोन पोलीस मला घेऊन तिकडे गेले. एका पालातून त्यांनी एका माणसाला बाहेर काढले, टॉर्चचा झोत त्याच्या तोंडावर धरला आणि मला विचारले, ‘हाच का? नीट बघ.’ त्याच्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता. माझ्या मागे वीसएक माणसे उभी होती. मी म्हटले, ‘हाच तो.’

मला खोटे बोलायचे नव्हते, हे मुद्दाम लिहिते. बोलताना मला खरोखरच वाटत होते की हाच. पाठ पाहिलेली मी तोंड ओळखत होते!

त्याला नेले. दोन रात्री तो ठाण्यात होता. त्याच्याजवळ काही सापडले नाही आणि त्याच्याकडून काही निघेना, म्हणून तिसऱ्या दिवशी सोडून दिला. त्या दुपारी एस.टी.च्या थांब्यावर तो मला दिसला. एका पायावर भार देत नव्हता. बायको आणि दोन मुले फुग्यांचा बांबू घेऊन बाजूला उभी होती. त्याने माझ्याकडे पाहिले, पण मला वाटते त्याने मला ओळखले नाही. पुढे आठवडाभरात पैसे कुणी घेतले ते कळले. तो मुलगा आमच्या ओळखीतला, चांगल्या घरचा. त्याचे वडील घरी आले, आईच्या हातात पैसे ठेवले, आईने चहा केला आणि ‘पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे वहिनी’ या वाक्यावर विषय मिटला. पोलिसांपर्यंत कुणी गेले नाही. आम्हीही गेलो नाही.

आता मूळ प्रश्न. माणूस असा चुकीचा का ओळखला जातो? आणि ती चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी का येत नाही?

पहिल्या प्रश्नाचे थोडे उत्तर मला मानसशास्त्राच्या पेपरात मिळाले. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन संशोधकांनी १९७४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. विचारताना काहींना ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे विचारले, तर काहींना ‘गाड्या एकमेकींवर धडाडून आदळल्या तेव्हा’ असे. पहिल्यांनी सांगितलेला सरासरी वेग तासाला सुमारे ३२ मैल, दुसऱ्यांचा सुमारे ४१. चित्रफिती त्याच! एवढेच नव्हे, पुढच्या एका प्रयोगात आठवड्यानंतर ‘फुटलेली काच पाहिलीत का?’ असे विचारले, तेव्हा ज्यांच्या कानी ‘आदळल्या’ हा शब्द पडला होता त्यांच्यापैकी जास्त जणांना काच आठवली. काच मुळात नव्हतीच. म्हणजे आठवण ही फोटोसारखी पेटीत ठेवलेली नसते. दर वेळी काढताना ती नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना समोरच्याचा प्रश्नही तिच्यात मिसळतो. ‘हाच का?’ या प्रश्नात उत्तर अर्धे आधीच दिलेले असते.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. म्हणूनच तर ओळख परेड नावाची पद्धत आहे. संशयिताला एकट्याला साक्षीदारापुढे उभे करायचे नाही. त्याच्याच वयाची, बांध्याची, साधारण तशाच पेहरावाची अर्धा डझन तरी माणसे त्याच्यासोबत उभी करायची. परेड पोलिसांनी घ्यायची नाही, दंडाधिकाऱ्याने घ्यायची, आणि त्या वेळी पोलिसांनी तिथे थांबायचे नाही. त्याआधी साक्षीदाराला संशयित दिसता कामा नये. शिवाय एवढे करूनही ती परेड हा स्वतंत्र पुरावा धरला जात नाही. खरी ओळख न्यायालयात शपथेवर पटवायची, परेड फक्त तिला दुजोरा देणारी. माझी ‘परेड’ टॉर्चच्या उजेडात, एका माणसाची, वीस माणसांच्या साक्षीने झाली होती. ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच नाही म्हणून तिचा फोलपणा कुणाला दिसला नाही.

अर्थात परेड रीतसर झाली म्हणजे निर्धास्त व्हावे असेही नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या एका नॉर्वेजियन गृहस्थाला १८९६ साली बायकांना फसवून दागिने लुबाडल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. एकामागून एक स्त्रियांनी शपथेवर सांगितले होते, ‘हाच तो!’ खरा भामटा पूर्वी ‘जॉन स्मिथ’ या नावाने शिक्षा भोगून गेलेला होता, आणि त्याच्या शरीरावरची एक खूण तुरुंगाच्या दप्तरात नोंदलेली होती. ती खूण बेकच्या अंगावर नव्हती. हे पुढे गृहखात्याच्या ध्यानातही आले, तरी बेक सुटला नाही. शिक्षा भोगून १९०१ साली बाहेर आला, तर १९०४ साली त्याच आरोपाखाली, तशाच साक्षींवर पुन्हा दोषी ठरला. शिक्षा सुनावायची बाकी होती तेवढ्यात खरा माणूस दुसरीकडे सापडला म्हणून तो वाचला. या एका प्रकरणाने इंग्लंड इतके हादरले की १९०७ साली तिथे फौजदारी अपिलाचे न्यायालय कायद्याने स्थापन झाले.

बेकच्या बाबतीत निदान तो गोरा होता, पैसेवाल्यांत वावरणारा होता. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन या काळ्या तरुणाचे तसे नव्हते. १९८४ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका गोऱ्या विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. तिने गुन्हेगाराचा चेहरा लक्षात ठेवण्याचा मनापासून प्रयत्न केला होता. आधी फोटोंतून आणि मग परेडीत तिने कॉटनलाच ओळखले. १९९५ साली डी.एन.ए. तपासणीने तो निर्दोष ठरला, तेव्हा त्याची दहा वर्षे तुरुंगात गेली होती. पुढे त्या मुलीने आपली चूक जाहीरपणे कबूल केली आणि दोघांनी मिळून या विषयावर लोकांत बोलायला सुरुवात केली, हे मला फार मोठे वाटते. अमेरिकेत डी.एन.ए.मुळे ज्यांची निर्दोष सुटका झाली त्यांच्यापैकी दहांतील सुमारे सात प्रकरणांत साक्षीदाराची चुकीची ओळख हे एक कारण होते. आणि दुसऱ्या वंशाचे चेहरे माणसाला आपल्या वंशाच्या चेहऱ्यांइतके नीट ओळखता येत नाहीत, हे १९६९ पासूनच्या अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आपल्याला ‘ते सगळे सारखेच दिसतात’. आम्ही गावात पालवाल्यांबद्दल हेच म्हणतो की!

तिकडे वर्ण, तर आपल्याकडे काय? याचे उत्तर आपल्याच राज्यातील एका खटल्यात आहे. हा खटला प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा असे मला वाटते, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

५ जून २००३ च्या रात्री जालना जिल्ह्यात शेतातील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातील आई आणि एक मुलगा तेवढे जखमी अवस्थेत वाचले. गुन्हा इतका भीषण की तपासावर किती दडपण आले असेल याची कल्पना करावी. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा माणसांना आरोपी केले. सगळे हातावर पोट असलेले मजूर. जून २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. मार्च २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांची जन्मठेपेवर आणली. आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशीच सुनावली. म्हणजे तीन पायऱ्यांवर तीन न्यायालयांनी सांगितले, ‘हेच ते!’

मग पुनर्विलोकनाचा अर्ज झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपिले पुन्हा ऐकायला घेतली. तेव्हा ठळक झाली ती गोष्ट अशी : गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या आईला पोलिसांच्या दप्तरातील गुन्हेगारांचे फोटो दाखवण्यात आले होते, आणि त्यांतून तिने चार माणसे ओळखली होती. हे चार जण या सहांपैकी नव्हते! त्या चौघांवर खटला झाला नाही. पुढे कधीतरी झालेल्या ओळख परेडीत आणि न्यायालयात मात्र हेच सहा जण ओळखले गेले. ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शाह यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. राज्य शासनाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, असा आदेश दिला. हे लोक भटक्या जमातीतील, समाजाच्या अगदी तळच्या थरातील, आणि म्हणून त्यांना खोटेपणाने गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाची नोंद निकालात आहे.

सोळा वर्षे! त्यांतील बहुतेक फाशीच्या सावलीत. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही खूप उशिरा सिद्ध झाले. सहांचे हे, आणि त्या वाचलेल्या आईचे काय? तिने पहिल्या दोन दिवसांत जे सांगितले ते कुणी पुढे नेले नाही. तिच्या घरातील पाच जणांना मारणारे कोण, हा प्रश्न २००३ साली होता तिथेच राहिला. चुकीच्या माणसाला पकडले की खरा सुटतो, हा हिशेब वर्तमानपत्रांत फारसा मांडला जात नाही. (आमच्या डब्याच्या बाबतीतही तो मुलगा तीन दिवस निर्धास्त जत्रेत फिरत होताच.)

भटक्यांवरच पहिला संशय का जातो, याला इतिहास आहे, आणि तो कायद्याचा इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला. तो आधी उत्तरेत लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत पोचला आणि १९२४ साली सगळे एकत्र करून नवा कायदा झाला. या कायद्याची खुबी अशी की गुन्हा केलेला असण्याची गरजच नव्हती. जमातीत जन्म झाला एवढे पुरे. नाव नोंदवायचे, ठाण्यावर हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट वसवली होती आणि आतील माणसांना गिरण्यांतून कामाला पाठवत. १९०८ साली मुंबई इलाख्याचे एक वरिष्ठ पोलीस अधिकारी केनेडी यांनी इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तकच लिहिले. त्यात कुठली जमात कशी दिसते, काय नेसते, कुठली बोली बोलते, कशी चोरी करते, याची जमातवार माहिती आहे. पक्ष्यांवरचे पुस्तक असते ना, तसे!

गंमत पाहा. (गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.) याच सरकारने १८९७ साली कलकत्त्याला जगातील पहिली बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. एका माणसाचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही, प्रत्येक माणूस वेगळा, हे शास्त्र एका हातात. आणि हजारो माणसे जन्मतःच एकसारखी चोर, हा कायदा दुसऱ्या हातात.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. त्या दिवसापासून या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कागदावर! कारण पाठोपाठ ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा आहे. ते जमातीवर नव्हे तर व्यक्तीवर, असे त्यांचे शब्द सांगतात. पण ठाण्यातील वही बदलली तरी वही चाळणारी बोटे एकदम बदलत नाहीत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. ‘उचल्या’ मी दोन दिवसांत वाचून काढले आणि मग चार दिवस दुसरे काही वाचू शकले नाही.

जून १९९८ मध्ये बारामतीत पोलिसांच्या ताब्यातील एका पारधी माणसाचा मारहाणीने मृत्यू झाला. त्याच वर्षी, काही महिने आधी, पश्चिम बंगालमध्ये शबर जमातीतील एका तरुणाचा असाच अंत झाला होता. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी १९९८ सालीच विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एक गट स्थापन केला आणि अशी प्रकरणे न्यायालयांपुढे व आयोगांपुढे नेण्याचे काम हाती घेतले. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा, असे भारताला सुचवले. विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेल्या दोन राष्ट्रीय आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातलेच होते. पहिले बाळकृष्ण रेणके, ज्यांचा अहवाल २००८ साली आला. आणि दुसरे भिकू रामजी इदाते, आपल्या जिल्ह्यातील दापोलीचे. दापोली आम्हाला एका खाडीपलीकडे, पण हे नाव मला महाविद्यालयात येईपर्यंत माहीत नव्हते.

भटक्यांपुरताच हा प्रश्न नाही. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात बॉम्बस्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली, मेलेले बहुतेक मुसलमान. आणि पकडले गेले ते नऊ जणही मुसलमानच. पाच वर्षे ते तुरुंगात होते. २०११ साली जामीन मिळाला, आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना खटल्यातून मुक्त केले, तोवर नऊपैकी एक जण हयात नव्हता. इथे कुणा साक्षीदाराचे डोळे चुकले नव्हते. संशयाची दिशाच आधी ठरलेली होती.

ती दिशा फक्त पोलीसच ठरवतात असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ‘मुले पळवणारी टोळी’ समजून जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी, सोलापूर जिल्ह्यातून आलेले. तिथे पोलीस वेळेवर पोचते तर कदाचित वाचले असते. म्हणून पोलिसांना नुसती नावे ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. माझ्याच प्रसंगात ‘पालवाल्यांचं काम’ हे वाक्य पोलिसांच्या तोंडचे नव्हते. आम्हीच त्यांना पालांकडे नेले आणि ‘काहीतरी करा हो’ म्हणून मागे उभे राहिलो. अठरा तासांचा बंदोबस्त करून थकलेल्या दोन माणसांना यातून सगळ्यात सोपा जो मार्ग, तो त्यांनी धरला.

पण सोपा मार्ग धरता येऊ नये म्हणूनच नियम असतात, आणि ते काही अवघड नाहीत. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्याला कारण सांगायला हवे, वकिलाला भेटू द्यायला हवे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायला हवे. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अकरा सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट हवी. अटकेचा पंचनामा तिथल्या तिथे लिहून त्यावर नातेवाइकाची किंवा गावातील प्रतिष्ठित माणसाची सही आणि तारीख-वेळ हवी. नातेवाइकाला कळवायला हवे. अंगावरच्या जखमांची नोंद मागितल्यास करायला हवी आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. ठाण्याच्या डायरीत सगळ्याची नोंद हवी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी चोवीस तासांचा नियम आणि पंचनाम्याचा नियम तिच्यातही आहे.

मग त्या फुगेवाल्याच्या बाबतीत हे नियम मोडले गेले का? इथे खरी मेख आहे. त्याला ‘अटक’ झालीच नव्हती! त्याला ‘चौकशीसाठी आणले’ होते. ना पंचनामा, ना डायरीत नोंद, ना डॉक्टर. कायद्याच्या दृष्टीने माणूस आपल्या मर्जीने उठून जाऊ शकत नाही त्या क्षणापासून तो ताब्यात असतो, मग शब्द कुठलाही वापरा. पण कागदच नसेल तर क्षण मोजणार कोण? गावच्या चांगल्या घरातल्या मुलाला असे दोन रात्री ठेवले असते तर सकाळी दहा माणसे ठाण्याच्या दारात उभी राहिली असती, त्यांत एखादा वकील असता. पालवाल्यासाठी दारात बायको होती आणि तिला आत येऊ देत नव्हते.

अशा माणसाला काही दाद आहे का? आहे, पण वाट लांबची. गरिबाला मोफत वकील मिळण्याची सोय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आणि तालुका समितीत असते, हे मला गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कळले. बेकायदा कोंडून ठेवल्याबद्दल सरकारने नुकसानभरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली बिहारच्या रुदल शाह खटल्यात म्हटले. निर्दोष ठरल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेला तो माणूस. परंतु भरपाई किती आणि कुणाला, याचा पक्का कायदा व्हावा असे विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात सांगितले, तो अजून झालेला नाही. अलीकडची एक गोष्ट मात्र समाधानाची. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवर कामे वाटण्याचे आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजण्याचे जे नियम शिल्लक होते, ते सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्द केले. विमुक्त जमातींतील माणसांना मनमानीने अटक होऊ नये याची काळजी घ्या, असे पोलिसांनाही त्याच निकालात बजावले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी आईला सगळी हकिगत पुन्हा विचारली. ती म्हणाली, ‘तेव्हाच तुला विचारलं होतं गो, तोंड दिसलं काय म्हणून. तू व्हय म्हणालीस.’ तिने विचारले होते हे मला मुळीच आठवत नाही. मुलाचे वडील पैसे घेऊन आले त्या दिवशी तरी आपण ठाण्यात जाऊन सांगायला हवे होते, असे मी म्हटले तेव्हा बाबा मध्येच म्हणाले, ‘काय सांगणार होतीस? त्यांच्या वहीत तो माणूसच नाय.’ बाबा सातवी शिकलेले आहेत, पण मी एक पान खर्चून जे लिहिले ते त्यांना आधीच कळलेले होते.

गेल्या वर्षी त्याच जत्रेत आम्ही दुकान मांडले. या खेपेला एकच पाल होते. दुपारी गिऱ्हाईक नव्हते तेव्हा मी तिथे गेले आणि फुगे भरत बसलेल्या बाईला विचारले, की तीन-चार वर्षांपूर्वी इथे एक कुटुंब यायचे, नवरा-बायको आणि दोन मुले, ते हल्ली येतात का. तिने हातातला फुगा बांधला आणि विचारले, ‘नाव काय त्याचं?’

मला नाव माहीत नव्हते. गाव माहीत नव्हते. चेहरा आठवायला गेले तर टॉर्चच्या उजेडात मिटलेले डोळे तेवढे आठवले. मी सांगितले, ‘चौकड्यांचा शर्ट होता.’

‘शर्ट काय, सगळ्यांकडेच असतो ताई,’ ती म्हणाली, आणि पुढचा फुगा भरायला घेतला.